पत्रास कारण की, चिरंजीव हॉटेलात नाहीत

लोझान,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना सौ. मेधाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडील सर्व क्षेम. तुमचं फराळाचं पार्सल दिवाळी उलटून गेल्यावर पोचलं. चकल्यांचा चुरा झालाय, पण तो चुराही आम्ही चमच्याने मोजून खातोय. थंडी सुरू झाली, तळ्यावर धुकं बसलंय आणि ह्यांनी गेल्या वर्षीची कानटोपी शोधायला घेतलीय. म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

भाऊजी, पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखवायचंय, म्हणून आधीच सांगते. कंसातलं मनातल्या मनात वाचायचं. मागच्या वेळी तुम्ही कंससुद्धा खणखणीत वाचलेत आणि मला दोन महिने फोनवर खुलासे करत बसावं लागलं.

तर आई, पाडव्याला तुम्ही विचारलंत, "चिन्मय कुठल्या हॉटेलात लागला?" आणि मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" करून फोन ठेवला. आवाज छान येत होता. चिन्मय हॉटेलात लागलेला नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरात लागलाय, सहा महिन्यांसाठी. घोटभर पाणी प्या, मग पुढचं ऐका.

मला ठाऊक आहे, तुम्ही सगळ्या ब्राह्मणपुरीला सांगून बसला आहात की नातू स्वित्झर्लंडात पंचतारांकित हॉटेलचा मॅनेजर होणार. त्यात भाऊजींनी भर घातली. इथे इंटर्नशिपला 'स्ताज' म्हणतात, पण लिहितात इंग्रजी स्टेजसारखंच. ह्यांनी कराराचा फोटो ग्रुपवर टाकला आणि भाऊजींनी वाचलं, पोरगं स्टेजवर गेलं! मिरजेत स्टेज म्हटल्यावर लोक दुसरं काय समजणार? सतारमेकर गल्लीतून कुणी तरी विचारलंही म्हणे, कुठलं वाद्य वाजवतो. वाद्य नाही हो. ट्रे वाजवतो. पहिल्या आठवड्यात दोनदा वाजवला, कपबशांसकट.

मीही आधी चिडलेच होते. हॉटेलच्या शाळेची फी भरायची आणि पोराने हॉटेल सोडून भलतीकडेच जायचं? अकरा हॉटेलांना अर्ज केले होते त्याने. नवांकडून गोड नकार आले, दोन ठिकाणांहून काहीच आलं नाही. शाळेचं म्हणणं, पाहुणचार शिकायचा तर हॉटेलच हवं असं थोडंच आहे! वर्गातली मुलं पाहिली तर ते खरंही वाटतं. एकजण जिनिव्हात घड्याळांच्या दुकानात आहे. तिथलं एकेक घड्याळ आपल्या वाड्याच्या किमतीचं. त्याचं काम गिऱ्हाइकाला कॉफी द्यायची आणि किंमत स्वतःच्या तोंडाने कधी उच्चारायची नाही. एक मुलगी बँकेत आहे, पण पैशाला हात लावत नाही, पैसेवाल्यांचे कोट खुंटीला लावते. आणखी एक तळ्यातल्या आगबोटीवर. इथली सगळ्यांत जुनी हॉटेल-शाळा १८९३ सालची, याच लोझानमधली. (चिन्मयची ती नव्हे, भाऊजी. फुशारक्या मारू नका.) आणि आपलं मिशन हॉस्पिटल डॉक्टर वॉन्लेसनी बांधलं १८९४ साली, म्हणजे एकाच वर्षाने धाकटं. हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "याचा काय संबंध?" संबंध आहे, आई. तुम्हाला पुढे कळेल.

आधी या हॉटेल शब्दाची गंमत सांगते. आम्ही नवे आलो तेव्हा हे दोन बॅगा घेऊन पालूद चौकात उभे होते. समोर देखणी जुनी इमारत आणि तिचं नाव 'ओतेल द व्हिल', म्हणजे गावाचं हॉटेल. हे आत गेले आणि एका रात्रीचं भाडं विचारलं. ती नगरपालिका निघाली! फ्रेंचमध्ये नगरपालिकेलाही हॉटेलच म्हणतात. बरं, शहाणपण शिकून पुढच्या खेपेला शेजारच्या गावी 'ओतेल द व्हिल'च्या पाटीसमोर हे "ही नगरपालिका, ही नगरपालिका" म्हणत पुढे चालले, तर तिथे खरोखरच जेवण मिळत होतं. या भागात कितीतरी खेड्यांत त्याच नावाची खाणावळ असते. लोझानला लागून क्रिसिए म्हणून गाव आहे, तिथलं त्या नावाचं रेस्तराँ तर जगप्रसिद्ध. (जेवणाचे पैसे कळवत नाही. आईंना भोवळ येईल.) आणि फ्रान्सात जुन्या इस्पितळांना 'ओतेल द्यू' म्हणायचे, देवाचं हॉटेल. हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल ही सगळी एकाच लॅटिन शब्दाची पिलावळ आणि त्या शब्दाचा अर्थ पाहुणाही होतो, यजमानही. चिन्मयने हे सगळं मला जेवताना ऐकवलं आणि वर म्हणाला, "म्हणजे आई, मी हॉटेलातच आहे. फक्त स्पेलिंग लांब आहे."

इथे म्हाताऱ्यांच्या या घरांना 'ईएमएस' म्हणतात. वृद्धाश्रम हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही, नाही तर तुमच्या डोळ्यांपुढे मालिकेतली पांढऱ्या साडीतली आई आणि पाऊस येईल. इथे तसलं नाही. प्रत्येकाची वेगळी खोली, खिडकीत जिरेनियम आणि दुपारच्या जेवणाबरोबर एक छोटा पेला पांढरी वाइन, समोरच्याच उतारावरच्या द्राक्षांची. (हे वाक्य कंसात हवं होतं. जाऊ दे, वाचा.) बिलातसुद्धा दोन भाग. नर्सिंगचे पैसे वेगळे आणि खोली, जेवण, धुणं, झाडलोट यांचे वेगळे. या दुसऱ्या भागाला ते सरळ हॉटेलसेवाच म्हणतात. चिन्मय त्या दुसऱ्या भागात. सुई टोचत नाही, सूप वाढतो.

आणि हा देश तर असाच, हॉटेल आणि दवाखाना यांच्या मधोमध उभा राहिलाय. इथून वर डोंगरात लेझँ नावाचं गाव आहे. तिथे क्षयाच्या रोग्यांना गच्चीत उन्हात निजवायचे. डॉक्टर रोलिए यांनी १९०३ पासून उन्हाचाच दवाखाना चालवला. आपल्या वानलेसवाडीलाही क्षयाच्या रोग्यांसाठी सॅनिटोरियम होतंच की, पण ऊन तिथे फुकट, इथे तेही बिलात. पुढे औषधं निघाली, रोगी आटले आणि त्या डोंगरातल्या टोलेजंग इमारतींत हॉटेलं निघाली, शाळा निघाल्या. कमला नेहरूही आजारपणात इकडेच आल्या होत्या. १९३६ साली लोझानलाच वारल्या. भाऊजी फोनवर म्हणत होते ना, "त्याला सांग सेझार रिट्झसारखा हो"? तोही याच मुलखातला, व्हालेमधल्या निडरवाल्डच्या शेतकऱ्याचं तेरावं पोर. एका मालकाने त्याला सांगितलं होतं, तू या धंद्यात काही होणार नाहीस. आणि त्याने १८९८ साली पॅरिसला असं हॉटेल काढलं की नावाचं विशेषण झालं. पण शेवटची कितीतरी वर्षं तो आजारीच होता. अख्ख्या युरोपच्या राजेरजवाड्यांच्या उशा नीट करणाऱ्या या माणसाची उशी शेवटी दुसऱ्याच कुणी तरी नीट केली. तेव्हा भाऊजी, रिट्झपर्यंत जायचं तर वाटेत हा दवाखाना लागतोच.

आता त्या म्हाताऱ्यांच्या घरातलं ऐका.

पहिल्या दिवशी चिरंजीव शाळेचा काळा कोट, टाय, चकचकीत बूट घालून गेले. डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं, पाहुण्याला नावाने हाक मारायची, सगळं पाठ. जेवणघरात शिरला तर एका आजीबाईंनी त्याला डॉक्टर समजून जीभ दाखवली, दुसऱ्या रडायला लागल्या, कारण काळा कोट घालून तिथे अंत्यसंस्काराची माणसंच येतात. दुसऱ्या दिवसापासून स्वेटर.

शाळेने फ्रेंच शिकवली तीही पॅरिसची. तिथे नव्वदला 'चार विसा दहा' म्हणतात. आपल्या बाजारातल्या आजीसारखाच विसांचा हिशोब, यात हसण्यासारखं काही नाही. पण या व्हो प्रांतात सत्तर, ऐंशी, नव्वद यांना सरळ वेगळे शब्द आहेत. एका आजोबांना याने विचारलं, "आपलं वय चार विसा सात का?" ते म्हणाले, "बाळ, माझी गणितं करायची वर्षं गेली. मी सत्त्याऐंशी."

हेच आजोबा पुढे त्याचे खास पाहुणे झाले. दुपारचं जेवण झालं की ते रोज बिल मागायचे. नर्सबाई म्हणायच्या, "मस्य, बिल नाही, तुम्ही इथेच राहता." ते ओशाळायचे, खिसे चाचपायचे आणि सगळी दुपार अस्वस्थ असायचे. फुकट खाल्ल्यासारखं वाटत असणार हो. चिन्मयने तिसऱ्या दिवशी बशीत घडी केलेला कागद नेऊन ठेवला. बिल, शून्य फ्रँक. आजोबांनी चष्मा लावून आकडा तपासला, ठीक आहे म्हणाले, खाली सही केली आणि बशीत टिप ठेवली. एक बटण. तेव्हापासून रोज सही, रोज बटण. पोरगं खूश, वर्गात सगळ्यांत जास्त टिप यालाच. महिन्याअखेर धुणीघरातून ओरड झाली की अमक्या खोलीतल्या एकाही कार्डिगनला बटण उरलेलं नाही, कुणीतरी चोरतंय! चिरंजीवांनी मुकाट्याने खिशातली पुडी काढून दिली. मग रविवारी घरी बसून सगळी टाचली. आई, ज्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो चार भोकांच्या बटणाला फुली मारायची की दोन समांतर टाके घालायचे यावर माझ्याशी वाद घालत होता.

दुसऱ्या मजल्यावर एक मादाम आहेत. जन्मभर तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलांत खोल्या आवरल्या. आता त्यांना कुणी वाढलेलं सहन होत नाही. बसल्या की उठतात आणि ताटं गोळा करत सुटतात. स्वतःचं एक वेळ राहू देतील, शेजाऱ्याचं उचलतात आणि तो अजून खात असतो! रोज दुपारी भांडण. औषध वाढवावं का, इथपर्यंत बोलणं गेलं होतं. चिन्मयला वाटलं, बाईंची ड्यूटी अजून संपलेली नाही, एवढंच. त्याने त्यांच्यापुढे कापडी नॅपकिनांचा ढीग ठेवला आणि म्हणाला, "मादाम, रात्रीच्या पंगतीसाठी पन्नास हवेत, मला घडी जमत नाही." खरंच जमत नव्हती. त्याने केलेली घडी बघून बाईंनी जे तोंड केलं, ते म्हणे शाळेतल्या परीक्षकांनीही केलं नव्हतं. आता रोज अकरा वाजता त्यांची ड्यूटी. ताटं सुटली, नॅपकिन कडक झाले. आठवड्यातून एकदा त्या चिन्मयच्या पलंगाच्या चादरीचे कोपरेही तपासणार होत्या. पलंग आमच्या घरी आहे म्हणून वाचलो.

जेवणाचं मात्र तुम्हाला सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण इथे माझी खात्री पटली की हा मुलगा शेवटी तुमच्या मिरजेच्या खानावळीतच शिकायला गेलाय.

म्हातारपणी घास गिळता येत नाही, ठसका लागतो, पाणीसुद्धा चुकीच्या नळीत जातं. त्यासाठी जगभराची मिळून एक मोजपट्टी आहे. शून्यापासून सातपर्यंत पायऱ्या, शून्य म्हणजे साधं पाणी, सात म्हणजे आपलं नेहमीचं जेवण. पाण्यात पूड घालून पाणी घट्ट करतात. (आईंनी "पाणी? घट्ट?" असं विचारलं तर हो म्हणा.) दहा मिलीच्या सिरिंजमध्ये पेय भरायचं, दहा सेकंद खाली सोडायचं आणि आत किती उरलं ते बघून पायरी ठरवायची. चौथ्या पायरीचा घास चमचा तिरका केला की अख्खा गोळा होऊन सुटला पाहिजे. पाचवीला अन्नाचा कण चार मिलिमीटरपर्यंतच, म्हणून काट्याच्या दोन दातांमधली फट मापाला धरतात. मी ऐकत होते आणि मला तुमच्या खानावळीतली, हॉस्पिटलच्या डब्यांची दारामागची पाटी दिसत होती. वॉर्ड, पेशंटचं नाव आणि पुढे खडूने पेज, कणेरी, गुरगुट्या भात, मऊ भात, नुसता भात, पोळी. पेशंटचा डबा वेगळा, पेशंटबरोबरच्या माणसाचा वेगळा. सिरिंज नव्हती, तुम्ही पळी वाकडी करून बघायचात. चाळीस वर्षं मोजपट्टी दारामागे टांगलेली होती आणि आपण ती खानावळ बंद करताना रद्दीत टाकली.

एका बाबतीत मात्र हे लोक तुमच्या पुढे गेलेत. गाजर शिजवायचं, गंधासारखं वाटायचं आणि मग साच्यात घालून त्याचं पुन्हा गाजर करायचं! मी म्हटलं, याला आपल्याकडे रिकामटेकडेपणा म्हणतात. तर चिन्मय म्हणाला, "ताटात नुसते तीन रंगांचे गोळे असले की माणसाला आपण काय खातोय तेच कळत नाही, मग ते खातच नाहीत." मी गप्प बसले. स्वयंपाकघराचे स्वच्छतेचे नियम तर अंतराळवीरांच्या जेवणासाठी अमेरिकेत १९६० नंतर जी पद्धत बसवली, त्याच पद्धतीचे. म्हणजे जो नियम चंद्रावर निघालेल्यांना, तोच दुसऱ्या मजल्यावर निघालेल्यांना. प्रत्येक पातेल्यात थर्मामीटर खुपसून आकडा वहीत लिहायचा.

आणि एवढं सगळं शास्त्र करून संध्याकाळी सहाच्या आत वाढायचं काय? 'काफे कोंप्ले', म्हणजे पूर्ण कॉफी. दुधाची कॉफी, पाव, लोणी, मुरांबा, चीज. झालं रात्रीचं जेवण! एखाद्या दिवशी बिर्शर म्युस्ली, भिजवलेल्या ओटमध्ये किसलेलं सफरचंद आणि बदाम-अक्रोड. झुरिकच्या डॉक्टर बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमाराला आपल्या रोग्यांसाठी काढलेला पदार्थ. आता जगातली पंचतारांकित हॉटेलं सकाळी चांदीच्या भांड्यात वाढतात. दवाखान्यातलं पथ्य हॉटेलात पोचलं, तेव्हा आपला हॉटेलातला पोरगा दवाखान्यात गेला तर बिघडलं कुठे?

सगळंच हसण्यासारखं नसतं हो. परवा घरी आला तो जेवला नाही. दाराशी टेबलावर मेणबत्ती आणि एक फोटो ठेवला होता म्हणाला. हॉटेलात पाहुणा जाताना खोली रिकामी करून किल्ली देतो, निदान निरोप घेतो. या पाहुण्यांचा निरोप कसा घ्यायचा ते शाळेच्या पुस्तकात नाही. मी कढी गरम करून समोर ठेवली. खाल्ली थोडी.

आता मुख्य काम. थंडी पडल्यापासून तो डब्यात गुरगुट्या भात, तूप आणि तुमचं मेतकूट नेतो. एकदा नॅपकिनवाल्या मादामना वास आला, त्यांनी डबा मागितला. देता येईना, कारण बाहेरचं अन्न. मुख्य आचारी पोर्तुगीज आहे, मोठ्या मनाचा. त्याने डबा हुंगला, चमचा तिरका करून पाहिला, काट्याने दाबून पाहिला. आई, तुमचा गुरगुट्या भात पाचव्या पायरीला पहिल्या झटक्यात पास झाला! आचारी म्हणतो, डिसेंबरात एक दिवस हे करू. पण इथे चौदा जिनसा अशा आहेत की त्या असतील तर लिहाव्याच लागतात, कुणाला बाधतात म्हणून. त्यांत गहू आहे, मोहरी आहे, दूध आहे. तुमच्या मेतकुटावर गव्हाचा आणि मोहरीचा असे दोन गुन्हे सरळ लागतात, तुपाचा तिसरा आणि हिंगाच्या डबीवर वाचलं तर त्यातही गव्हाचं पीठ निघालं!

तेव्हा कृती लिहून पाठवा. हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, मेथ्या, मोहरी, हळद, सुंठ, हिंग, सगळं ग्रॅममध्ये. भाऊजी, आईंना स्वयंपाकघरात खुर्ची द्या आणि त्यांनी घेतलेली प्रत्येक मूठ काट्यावर टाका. 'मूठभर' लिहू नका. मागच्या कृतीत तुम्ही लिहिलेलं मी तसंच भाषांतर करून दिलं, तर आचाऱ्याने विचारलं, "कुणाची मूठ?" 'खमंग होईपर्यंत' हेही चालणार नाही, किती अंशाला आणि किती मिनिटं ते हवं. आणि ब्राह्मणपुरीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. हॉटेलात आहे म्हटलंत तरी खोटं नाही, हॉस्पिटलाला डबे देतो म्हटलंत तरी नाही.

भाऊजींना व ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची सून,
सौ. मेधा

ता. क. : (कंस असला तरी मोठ्याने वाचा.) पार्सलात तपकिरी, चार भोकांची बटणंही दोन डझन घाला. आजोबांची टिप चालूच आहे आणि काल त्यांनी दोन ठेवली.